चिंगी आजारी नाहीये, खुडूक बसलीये

"दादा, नमस्कार. घरामागे आमच्या ५ कोंबड्या आहेत, कोंबडा नाही. सगळ्या साधारण दीड वर्षाच्या. त्यातली चिंगी गेले ११ दिवस अंड्याच्या पेटीतून उठतच नाहीये. हात नेला की अंग फुगवते, घोगरा आवाज काढते, चोच मारते. खालची अंडी काढून घेतली तरी नुसत्या गवतावर बसून राहते. तुरा फिका पडलाय, पोटाची पिसं गेलीयेत. बाकीच्यांपैकी दोघींनी अंडी देणं बंद केलंय, त्यातल्या एकीची मान पार उघडी पडलीये, आणि परवा एक अंडं नुसत्या पापुद्र्यातलं मिळालं, कवचच नाही. कुणी सांगतं तिला गार पाण्यात बुडव, कुणी सांगतं अंधारात कोंड आणि दोन दिवस दाणा देऊ नको, कुणी म्हणतं असू दे, आपोआप उठेल. माझी मुलगी ९ वर्षांची आहे, ती म्हणते चिंगीला आई व्हायचंय, तिला पिल्लं होऊ दे. मला तर काही सुचेनासं झालंय. हा आजार आहे का? आणि तो बाकीच्यांना लागलाय का?"

ताई, नमस्कार.

आधी हे सांगतो म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल, चिंगी आजारी नाहीये. खुडूक बसलीये, म्हणजे अंडी उबवायला बसलीये. तुम्ही जे जे लिहिलंय, फुगणं, गुरगुरणं, चोच मारणं, पोटाची पिसं जाणं, फिका तुरा, ते सगळं एकेक करून खुडूक कोंबडीचंच वर्णन आहे, आणि ते बाकीच्यांना आजारासारखं लागत नाही. पण तरी मी म्हणेन की तिला "असू दे, उठेल आपोआप" म्हणून सोडून देऊ नका. मला या पत्रात सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याच सल्ल्याची, कारण तो ऐकायला प्रेमळ वाटतो आणि कोंबडीला सगळ्यात जास्त तोच भोवतो.

का ते सांगतो. माझ्याकडे एक भुरी होती, ती अशीच बसली आणि मी तेव्हा हाच विचार केला की तिचं तिला कळतं, आपण कशाला मध्ये पडा. २१ दिवस झाले, पिल्लं काही निघणार नव्हतीच, खाली अंडीच नव्हती, म्हटलं आता उठेल. उठली नाही. पाच आठवडे बसली. एके दिवशी साफसफाई करताना तिला उचलली तर हाताला काही वजनच लागेना, छातीच्या मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला टोचत होतं, आणि पंखाखाली उचकून पाहिलं तर बारीक किडे इकडून तिकडे पळत होते. ती वाचली, पण अंगावर परत मांस धरायला तिला दोन महिने लागले. त्या दिवसापासून मी खुडूक कोंबडीला रिकाम्या पेटीवर बसू देत नाही, एकतर तिला उबवायला काहीतरी खरं द्यायचं नाहीतर तिला तिथून उठवायचं, यात मधला रस्ता नाहीये.

आता आधी खात्री करून घ्या की खुडूकच आहे. आज तिला दोन्ही हातांनी, पंख अंगाशी धरून उचला (आधी पंखाखाली हात घालून बघा, कधी कधी अंडं पंखात अडकलेलं असतं आणि उचलताना पडून फुटतं) आणि पेटीपासून लांब, दाण्यापाशी नेऊन ठेवा. खुडूक कोंबडी मिनिटभर तशीच चपटी बसून राहील, झोपेतून उठवल्यासारखी, मग एकदम उठेल, घाईघाईने दाणे टिपेल, पाणी पिईल, एक भलीमोठी घाण वास मारणारी विष्ठा टाकेल, जमलं तर मातीत दोन लोळण्या घेईल आणि पिसं फुगवून कुकुक करत पंधरा-वीस मिनिटांत परत पेटीत. ती मोठी विष्ठा बघून बरेच जण घाबरतात पण दिवसभर धरून ठेवलेली असते म्हणून तशी होते, पेटी घाण करायची नाही हे तिला कळतं. आजारी कोंबडी असं करत नाही. आजारी कोंबडी तुम्ही हात लावला तरी भांडत नाही, शेपटी खाली पाडून, मान आखडून, डोळे मिटून एका जागी उभी राहते, दाण्याकडे बघत पण नाही. जी तुम्हाला अजून त्वेषाने चोच मारतेय तिच्यात जोर आहे असं समजा.

एक तिसरी शक्यता असते ती पण सांगून ठेवतो कारण ती वेळेची गोष्ट आहे. अंडं आत अडकलेली कोंबडी. ती पण सारखी पेटीत जाते पण टिकून बसत नाही, आत-बाहेर करते, दोन पाय फाकवून ताठ उभी राहते, शेपटी वरखाली हलते, जोर लावताना दिसते. तसं दिसलं तर वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे. तुमची चिंगी ११ दिवस निवांत बसलीये म्हणजे ते नाही.

हे होतं कशानं तर तिच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं. दिवस मोठे असणं, हवा उबदार असणं, अंधारी मऊ जागा, पेटीत अंडी साठून राहणं, यातून ते सुरू होतं, आणि एकदा सुरू झालं की अंडाशयाचं काम थांबतं, ती अंडी देणं बंद करते आणि पोटाखालची पिसं काढून टाकते म्हणजे उघडी कातडी थेट अंड्यांना लागावी आणि ऊब मिळावी. खाणं एकदम कमी करते. यात तिची चूक नाही आणि हट्ट पण नाही. काही जातींमध्ये हे भरपूर असतं, सिल्की आणि कोचिन तर वर्षातून कितीतरी वेळा बसतात, लेगहॉर्न क्वचितच बसते कारण पिढ्यान् पिढ्या निवड करून तिच्यातून तो स्वभावच काढलाय.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो कारण तिने चिंगीकडे नीट बघून तो विचारलाय. तिचं बरोबर आहे, चिंगीचं शरीर आई व्हायच्याच तयारीत आहे. पण तिला हे समजावून सांगा की कोंबडीला अंडं द्यायला कोंबडा लागत नाही, पिल्लू व्हायला मात्र लागतो. तुमच्याकडची अंडी कितीही दिवस उबवली तरी त्यातून काही निघणार नाही, उलट तीन आठवडे ऊब खाल्लेलं अंडं आत सडू शकतं, गॅस धरून पेटीतच फुटू शकतं, त्या वासाचं तर विचारूच नका. तिला एक गंमत दाखवता येईल, अंडं फोडलं की बलकावर एक फिकट ठिपका असतो, कोंबड्याशिवायच्या अंड्यात तो वेडावाकडा, भरीव पांढरा ठिपका असतो आणि फळलेल्या अंड्यात त्याच्याभोवती स्पष्ट गोल कडं दिसतं, निशाण मारायच्या चक्रासारखं. (गेल्या दोन-तीन आठवड्यांत कुठून कोंबडा येऊन गेला असेल तर गोष्ट वेगळी, कारण एकदा संबंध आला की कोंबडी तेवढे दिवस फळलेली अंडी देऊ शकते.)

पिल्लं हवीच असतील तर बाहेरून फळलेली अंडी आणून तिच्याखाली ठेवता येतात. आठवड्याभरातली ताजी, न धुतलेली, १३ ते १८ अंशाला ठेवलेली, मध्यम कोंबडीखाली आठ-दहा, आणि सगळी एकाच वेळी, नाहीतर पहिली फुटली की ती उरलेली सोडून उठते. प्रत्येकावर पेन्सिलने खूण करायची म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मध्येच घातलेलं अंडं ओळखता येतं. सातव्या दिवशी रात्री अंधारात टॉर्चवर अंडं धरलं तर जगणाऱ्या अंड्यात कोळ्यासारख्या लाल शिरा दिसतात, जे नुसतं स्वच्छ पिवळं दिसतं ते काढून टाकायचं. अठराव्या दिवसानंतर तिला अजिबात छेडायचं नाही. २१ व्या दिवसाच्या आसपास पिल्लं निघतात, आणि निघाल्या निघाल्या दाणा नाही दिला म्हणून जीव तोडू नका, पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ती पहिले दोन दिवस काढू शकतात.

पण ताई, मला विचाराल तर या खेपेला नको. चिंगीने ११ दिवस आधीच अर्धपोटी काढलेत, त्यात आणखी २१ म्हणजे ३२ दिवस, आणि तुम्ही लिहिलेलं नाही की ती अंगाने कशी आहे. छातीचं हाड चाचपून बघा, दोन्ही बाजूला मांस गुबगुबीत लागत असेल तर झेपेल, हाडाची धार लागत असेल तर अजिबात नाही. दुसरं म्हणजे पिल्लांसाठी वेगळी जागा लागते, मोठ्यांचा लेयर दाणा (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा) पिल्लांना चालत नाही कारण त्यातलं जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही, म्हणजे दाणाही वेगळा. आणि तिसरं जे कुणीच आधी सांगत नाही, साधारण निम्मी पिल्लं कोंबडे निघतात. दहा निघाली तर पाच. ते चार-पाच महिन्यांत आरवायला लागतील, एकमेकांशी भांडतील, मोजक्याच कोंबड्यांना जीव नको करतील. त्या पाचांचं काय करायचं याचं उत्तर अंडी ठेवायच्या आधी घरात बसून ठरलेलं असलं पाहिजे, आणि ते मुलीला पण आधीच खरं खरं सांगितलेलं असलं पाहिजे, लाडक्या पिल्लाचं पुढे काय होणार हे तिला ऐनवेळी कळलं तर ते तिच्या मनाला फार लागतं. ते ठरवून, जागा करून, पुढच्या वेळी चिंगी बसेल (आणि ती बसणार, एकदा बसलेली बहुतेक परत बसतेच) तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांतच अंडी आणा. मुलीला तेवढा शब्द द्या आणि पाळा.

तर मग आता तिला उठवायचं कसं. गार पाण्यात बुडवायचं नाही. ज्यांनी सांगितलं त्यांनी वाईट हेतूने सांगितलं नसेल, जुनी पद्धत आहे, पण पोटाची पिसं गेलेली, आधीच अर्धपोटी कोंबडी चिंब भिजवली तर तिला गारठा भरतो, ती भेदरते, आणि सुकली की परत पेटीत जाते. अंधारात कोंडणं तर उलटंच काम करतं, अंधारी शांत जागा हीच तर तिला हवीये, त्यानेच ते हार्मोन टिकून राहतं. आणि दाणापाणी तोडणं म्हणजे जी स्वतःच अर्धउपाशी आहे तिला शिक्षा. यातलं काहीच नको.

करायचं ते एवढंच की तिच्या पोटाखालची ऊब काढून घ्यायची. एक पिंजरा घ्या ज्याची तळाची बाजू जाळीची आहे, अर्धा-पाऊण इंचाची जाळी, पाय अडकणार नाही अशी. तो दोन विटांवर किंवा लाकडावर वीत-दीड वीत उंच ठेवा म्हणजे खालून वारा खेळेल. आत गवत नाही, भुसा नाही, गोणपाट नाही, बसून ऊब धरेल असं काहीच नाही. दाण्याचं एक आणि पाण्याचं एक भांडं जाळीला बांधून, कारण ती लाथेने पालथं करते. पिंजरा भरपूर उजेडात पण सावलीत, आणि बाकीच्या चौघींच्या नजरेसमोर, हे विसरू नका, कारण चार दिवस डोळ्याआड झालेल्या कोंबडीला परत आल्यावर बाकीच्या टोचून काढतात, तिची जागा गेलेली असते. रात्री तो पिंजरा तसाच उचलून खुराड्यात, कुत्र्या-मांजराचं भय नको. तिने पहिल्या दिवशी आरडाओरडा केला, जाळीवर पण चपटी होऊन बसली, तरी मन घट्ट करा. दुसऱ्या दिवशी ती जास्त उभी राहायला लागेल, पिसं खाली बसतील, तो कुकुक आवाज कमी होईल.

तीन दिवस, तीन रात्री. मग संध्याकाळच्या आधी तासभर सोडा आणि नुसतं बघत राहा. सरळ पेटीकडे धावली तर आणखी दोन दिवस. चिंगीला ११ दिवस झालेत त्यामुळे तिला एखादा दिवस जास्त लागेल असं धरून चाला, पहिल्या-दुसऱ्या दिवशीच पकडलेली खुडूक पटकन मोडते आणि मुरलेली वेळ घेते. उठल्यावर लगेच अंडं मागू नका तिच्याकडे, साधारण दोन-तीन आठवडे जातील. तेवढ्यात तिला प्रोटीन चांगलं द्या आणि तिचा तुरा लाल होताना बघा, तुरा परत लाल आणि टवटवीत झाला की अंडं जवळ आलं.

आणि पिंजऱ्यात घालायच्या आधी रात्री टॉर्च घेऊन तिची पिसं उचकून बघा, शेपटीखाली आणि पंखाखाली. खुडूक कोंबडी मातीत फारशी लोळत नाही, आणि मातीत लोळणं हीच तर त्यांची अंघोळ, त्यामुळे उवा आणि माईट तिच्यावर सगळ्यात आधी चढतात. पिसांच्या मुळाशी पांढरे गोळे चिकटलेले दिसले तर त्या उवांच्या लिखा. लाल माईट दिवसा अंगावर सापडणारच नाहीत, त्या रात्री येऊन रक्त पितात आणि दिवसा बसायच्या दांड्याच्या भेगांमध्ये लपतात, म्हणून रात्री दांड्याच्या खालच्या बाजूने पांढरा टिश्यू पेपर फिरवा, त्यावर लालसर रेघा उठल्या तर समजायचं. मग औषध डॉक्टरला विचारूनच, कारण अंडी खाणाऱ्या घरात कुठलं औषध चालतं आणि किती दिवस अंडी खायची नाहीत हे त्यांनाच विचारायला हवं. पेटीतलं जुनं गवत मात्र आजच काढून टाका.

आता उरलेल्या. मान उघडी पडलेली कोंबडी पिसं गाळतेय. दीड वर्षाच्या आसपास मोठी पिसगळ पहिल्यांदा येते, बहुतेक दिवस लहान व्हायला लागले की, आणि ती डोकं आणि मानेपासून सुरू होऊन पाठ, छाती, पंख करत शेपटीपर्यंत जाते, दोन ते चार महिने चालते. त्या काळात अंडी बंद, किंवा अगदी तुरळक. बरोबरच आहे ना, पिसाचा जवळपास ८५ टक्के भाग प्रोटीन असतो, सगळा नवा अंगरखा विणायचाय आणि वर रोजचं अंडं पण, दोन्ही कुठून होणार. उघड्या मानेवर जवळून बघा, कातडी स्वच्छ असेल आणि त्यातून बारीक बारीक टोकदार निळसर काटे बाहेर आलेले दिसत असतील तर ती नवी पिसं. त्यांच्यात रक्त असतं, दाबलं की दुखतं, म्हणून या दिवसांत तिला उगाच उचलू नका, मुलीला पण सांगा की सध्या मांडीवर नाही. कातडी लाल, खरचटलेली, रक्त आलेली, पिसं मध्येच तुटलेली असतील तर मात्र बाकीच्या तिला टोचतायत, मग जागा कमी पडतेय का, दाण्याचं भांडं एकच आहे का ते बघा. पिसगळ संपेपर्यंत सगळ्यांनाच १८ ते २० टक्के प्रोटीनचा दाणा दिलात तर चालेल, रोज एका कोंबडीला साधारण १०० ते १२० ग्रॅम दाणा लागतो, त्यात उष्टं-खरकटं मोठ्या प्रमाणात घालून पोट भरवू नका, पोट भरतं आणि प्रोटीन जात नाही. बुरशी आलेलं तर काहीच नको.

दुसरी जिने अंडी बंद केलीयेत तिच्याबद्दल मला वेगळाच संशय आहे. तुमच्याकडे पेटी एकच आहे का? असेल तर ११ दिवस त्यात चिंगी बसलीये आणि दुसरीला आत शिरू देत नाहीये, म्हणजे ती बंद झाली नसेलच, दुसरीकडे कुठेतरी घालत असेल. माझ्याकडे असंच झालं होतं, आठवडाभर मी तिचा दाणा बदलतोय, पाण्यात व्हिटॅमिन घालतोय, आणि एक दिवस भिंतीला टेकून ठेवलेल्या प्लायवूडच्या मागे वाकून बघितलं तर १४ अंडी, गोल मांडून ठेवल्यासारखी, वर थोडी कोळिष्टकं. तर झुडपाच्या तळाशी, फळ्यांच्या मागे, गवताच्या ढिगात शोधा, सकाळी ती एकटीच कुठे गायब होते का आणि नंतर कुठून ओरडत बाहेर येते ते बघा. सापडली तर पाण्याच्या भांड्यात सोडून बघा, तळाला आडवं पडलं तर ताजं, टोकावर उभं राहिलं तर जुनं पण फोडून बघण्यासारखं, तरंगलं तर फेकून द्यायचं. आणि दुसरी पेटी लगेच लावा, चार-पाच कोंबड्यांना एक पुरते पण एखादी खुडूक बसली की नाही पुरत. अंडी दिवसातून दोनदा काढायची सवय ठेवा, पेटीत साठलेली अंडी हेच पुढच्या खुडुकीचं आमंत्रण असतं.

बिनकवचाच्या अंड्याचं थोडक्यात सांगतो. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले जवळजवळ २० तास नुसतं कवच चढायला जातात, आणि एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. मध्ये कोंबडी दचकली, उकाडा खूप झाला, पिसगळ तोंडावर आली की एखादं अंडं वेळेआधी तसंच बाहेर येतं. उकाड्याने का तर ती धापा टाकते, श्वासातून कार्बन डायऑक्साइड जास्त जातो आणि कवच बनायला लागणारं बायकार्बोनेट रक्तात कमी पडतं, त्यामुळे गार पाणी आणि सावली हे पण कवचाचंच औषध आहे. एका अंड्यावरून काळजी नको. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, दाण्यात मिसळू नका, जिला हवा ती घेईल, पिसगळीतल्या कोंबडीला आत्ता तेवढा नकोय. अंड्यांची टरफलं द्यायची तर वाळवून बारीक चुरून द्या, अख्खी ओळखू आली की अंडी फोडून खायची चटक लागते आणि ती चटक सोडवणं फार कठीण. आठवड्यात तीन-चार अंडी अशी यायला लागली, किंवा सोबत शिंका, नाकातून पाणी असं काही दिसलं, तर मग डॉक्टर.

तुम्ही रोगाचं विचारलंत म्हणून हे पण सांगतो, खरं घाबरायचं कधी. तोंड उघडं ठेवून घरघर श्वास, हिरवट पातळ विष्ठा, मान वाकडी होणं किंवा पिळणं (मानमोडी म्हणजे राणीखेत, त्याची लस असते, तुमच्या पाचींना टोचलीये का ते तपासा), विष्ठेत रक्त, किंवा दोन दिवसांत दोघी-तिघी अचानक मरणं. यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, त्या कोंबडीला वेगळी करा, पक्षी इकडून तिकडे हलवू नका, मेलेल्याला उघड्या हाताने शिवू नका आणि लगेच सरकारी पशुवैद्यकीय डॉक्टरला कळवा. आणि रोजचं म्हणजे मुलीने कोंबड्यांना हात लावला की साबणाने हात धुवायचे, त्यांचे पापे घ्यायचे नाहीत, कोंबडी अगदी धडधाकट दिसत असली तरी तिच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो आणि लहान मुलांना त्याचा त्रास जास्त होतो. हे तिला धमकावून नको, एकदा समजावून सांगा, जी मुलगी कोंबडीच्या मनातलं ओळखते तिला हेही कळेल.

तर आज संध्याकाळी छातीचं हाड चाचपा, पिसं उचका, उद्या सकाळी पिंजरा. एक वही घाला मुलीच्या हातात, चिंगीने किती वेळा उभं राहून दाणा खाल्ला, पिसं फुगवली का, आवाज कसा होता, तारीख घालून लिहू दे, मोठ्यांच्या नजरेतून सुटतं ते मुलांना दिसतं. आणि तिसऱ्या दिवशी सोडल्यावर चिंगी कुठे गेली ते मला नक्की कळवा, पेटीकडे पळाली की मातीत जाऊन पाय वर करून लोळली.